चक्कीवालीला गहू सोसेना

माझ्या पोरीचं रक्त तपासायचं होतं आणि मी ते तपासून घेत नव्हते. नागपूरच्या डॉक्टरनं मला तोंडावर सांगितलं होतं, "काकू, पुढच्या वेळी मुलीला घेऊन या." मी मान डोलावली, पिशवी उचलली, बस धरली आणि घरी येऊन तेरा महिने गप्प बसले. कारण साधं होतं. त्याच दिवसांत पोरीची सोयरीक जुळत होती. आज मी हे हसत हसत लिहिते आहे, म्हणून ती कोणी दुसरीच बाई होती असं समजू नका. मीच होते. तेव्हा मला स्वतःवर हसायला फुरसत नव्हती, एवढाच फरक.

आता आधीपासून सांगते, म्हणजे माझा शहाणपणा किती जुना होता ते कळेल.

माझं माहेर आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथच्या बाजूचं, पैनगंगेच्या अलीकडचं गाव. कापूस आणि ज्वारी. गहू घरात यायचा तो सणाला, आणि आला की आम्ही पोरं त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघायचो. मला स्थळ आलं इचोड्याचं. मुलाची पिठाची चक्की. हैदराबाद-नागपूर रस्त्यावर दुकान, बाजूला धाबे, धाब्यांना रोज पोत्यानं कणीक लागायची. मुलगा कसा आहे हे मी फारसं पाहिलंच नाही. रोज पोळी मिळणार एवढं ऐकलं आणि मनातल्या मनात होकार देऊन टाकला. पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा आईनं पुढ्यात भाकरी ठेवली, तर मी म्हणाले, "मला आता भाकरीची सवय राहिली नाही." लग्नाला तेव्हा वीस दिवस झाले होते. आईनं भाकरी उचलून गाईला घातली आणि मला रात्रीपर्यंत उपाशी ठेवलं. बरं केलं.

मुलगी झाली, पाच वर्षांनी मुलगा झाला. आणि मुलाच्या बाळंतपणानंतर माझं पोट बिघडलं ते बिघडलंच. दिवसातून चार-पाच वेळा परसाकडे धावायचं. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, तोंड सोलून निघायचं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. ऐंशीचं दशक सगळं मी असं धावण्यात काढलं. गावातला तेलुगू डॉक्टर माझी खालची पापणी ओढून बघायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, "रक्तम् लेदम्मा." अंगात रक्त नाही हे कळायला मला तेलुगू शिकावं लागलं नाही. तो लोहाच्या गोळ्या द्यायचा, त्या गोळ्या माझ्या आतून जशाच्या तशा निघून जायच्या. मग जंताचं औषध झालं, आवेचं झालं. आदिलाबादला एकानं आतड्याचा टीबी सांगितला आणि सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. टीबी असता तर बरा तरी झाला असता.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती लक्षात आल्याचा मला फार गर्व होता. माहेरी पंधरा दिवस राहिले की पोट गप्प बसायचं. इचोड्याला परतले की आठवड्यात पुन्हा सुरू. आता कोणीही दुसरी बाई असती तर तिनं विचार केला असता, की माहेरी मी काय खाते आणि इथे काय खाते. मी मात्र हुशार. मी ठरवलं, पाणी! माहेरच्या विहिरीचं पाणी मला मानवतं.

मग सुरू झाली पाण्याची वाहतूक. तेलाचा मोठा प्लास्टिकचा डबा घासून घेतला, दर महिन्याला माहेरी जायचं आणि भरून आणायचा. जैनथहून आदिलाबाद, तिथून इचोडा, डबा मांडीशी घट्ट धरून. कंडक्टर विचारायचा, "क्या अम्मा, गंगाजल है क्या?" मी मान ताठ करून सांगायची, "मेरे मायके का पानी है." सगळी बस हसायची आणि मला वाटायचं, कौतुकानं हसतात.

सासूबाईंना हा अपमान वाटला, आणि तो होताच. त्या दारात उभ्या राहून डब्याकडे बघत म्हणाल्या, "काऊन वं? आमच्या विहिरीत काय कुत्रं मेलं हाय?"

मी म्हणाले, "तुमचं पाणी जड आहे."

"अन् तुयं डोस्कं हलकं हाय," त्या म्हणाल्या.

त्या पाण्याचं मी काय करत असेन? प्यायला तर लागायचंच, पण मुख्य म्हणजे त्यात मी कणीक भिजवायची. आमच्याच चक्कीतली, दुधासारखी पांढरी, धाबेवाल्यांना जायची तीच कणीक. माहेरच्या पाण्यात मळायची, तिच्या तीन पोळ्या तूप लावून खायची आणि मग परसाकडे धावायची. धावता धावता वाटायचं, पाणी कमी पडलं. पुढच्या खेपेला दोन डबे आणू.

आणि एका माणसानं मला खरं सांगितलं होतं. माझी आत्या. वडिलांची मोठी बहीण, विधवा, लाकडासारखी वाळलेली, बोलायला तिखट. लग्नाकार्यात पंगत बसली की ती पदराच्या गाठीतून स्वतःची ज्वारीची भाकरी काढायची आणि वरणाशी खायची. पुरीला, पोळीला हात लावायची नाही. म्हणायची, "गहू मले उलटते." लोक तिला विक्षिप्त म्हणायचे. मी तर तिची नक्कल करायची. डोक्यावर पदर घेऊन, गाठ सोडून, आतून वाळकी भाकरी काढून दाखवायची, आणि बायका हसून हसून लोळायच्या. एकदा नक्कल चालू असताना ती मागे उभी होती. रागावली नाही. माझं मनगट धरलं, दोन बोटांत मावलं ते, आणि म्हणाली, "पोरी, तुयं बी मायासारकंच हाय वं. आपल्या घराण्याचं हाय हे. एक महिना गहू सोडून पाय."

मी काय उत्तर दिलं माहीत आहे? मी म्हणाले, "आत्या, आमची चक्की आहे."

जणू चक्की असलेल्या माणसाला आतडं नसतं. आत्या दोन वर्षांनी गेली. तिनं मनगट धरून जे ओळखलं, ते ओळखायला मला पुढे आणखी आठ वर्षं आणि नागपूर लागलं.

नागपूरला मला ह्यांनी नेलं, ह्यांनी म्हणजे माझ्या नवऱ्यानं. मी चक्कीत पोतं उचलताना भोवळ येऊन पडले म्हणून. डॉक्टर तरुण होता, मिशी नुकती फुटल्यासारखी. त्यानं सगळे जुने कागद बाजूला सारले आणि विचारलं, "काकू, दिवसभरात काय काय खाता?" बारा वर्षांत हे मला पहिल्यांदा कोणी विचारलं. मी फुशारकीनं सांगितलं, "सकाळी पोळी, दुपारी पोळी, संध्याकाळी पोळी. आमची चक्की आहे ना."

त्यानं तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढला, रक्त मुंबईला पाठवलं, आणि महिन्यानं बोलावून सांगितलं की मला गहू चालत नाही. जव नाही, रवा नाही, मैदा नाही, बिस्कीट नाही. जन्मभर नाही. ज्वारी, तांदूळ, बाजरी, मका, जे वाटेल ते खा. ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ज्याच्या घरावर कणकेचा थर बसलेला, त्याच्या बायकोला गव्हाचं वावडं. परतताना बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "आता मी धंदा बदलू, की बायको?" मी म्हणाले, "धंद्याचे पैसे येतात." तेवढ्यावर विषय संपला.

पण निघण्याआधी मी डॉक्टरला एक प्रश्न विचारला होता. हा आजार मला झाला कसा? त्यानं टेबलावर पेन्सिलीनं दोन गोल काढले. म्हणाला, रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर एक ठसा असतो. तो आईकडून येतो, नाहीतर वडिलांकडून. तो नसेल तर हा आजार जवळपास होतच नाही. पण असला म्हणजे होतोच असंही नाही. असा ठसा असलेले पुष्कळ लोक जन्मभर पोळ्या खातात आणि ढेकर देतात. थोड्यांचंच बिघडतं, आणि त्यांचंच का, ते अजून आम्हालाही नीट कळलेलं नाही. ठसा आणि गहू दोन्ही लागतात, वर काहीतरी निमित्त लागतं. तुमचं बाळंतपण झालं असेल निमित्त. कधी लहानपणी उठतो, कधी चाळिशीत.

"म्हणजे माझ्या आत्याला..."

"असू शकतं. आता त्यांना विचारणार कसं? पण तुमच्या मुलांना विचारता येईल. सख्ख्या नात्यात धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो. दोघांनाही आणा."

मुलाला मी पुढच्याच महिन्यात नेलं. त्याचं रक्त स्वच्छ निघालं, तरी डॉक्टर म्हणाला काही वर्षांनी पुन्हा बघू. मुलाला नेलं कारण तो बारा-तेरा वर्षांचा होता आणि त्याच्या सोयरिकीला अवकाश होता. पोरगी अठराची होती.

मधे तीन महिने मी गहू तोंडात घातला नाही आणि तरीही बरी झाले नाही. डॉक्टरला वाटलं मी चोरून खाते. मी देवाची शपथ घेतली. शेवटी घोळ सापडला तो आमच्याच चक्कीत. चक्कीचा दगड कधी रिकामा होत नाही. आधीच्या दळणाचं पीठ आत राहतं आणि पुढच्याच्या डब्यात पडतं. म्हणून तर बायका रांगेत भांडतात, की माझे गहू हरभऱ्याच्या मागे लावू नका. हे मी वीस वर्षं रोज पाहत होते, रांगा लावून देत होते. आणि माझी ज्वारी मात्र धाब्याच्या दोन पोती गव्हामागून त्याच दगडात दळून खात होते. मग माळ्यावरचं सासूबाईंचं जातं काढलं. आख्ख्या इचोड्यात ही बातमी पसरली, की चक्कीवाल्याची बायको घरी जात्यावर दळते. गिऱ्हाईक बायका दारातून डोकावून विचारायच्या, "काऊन बाई, तुमच्या चक्कीत काय खोट हाय?" सासूबाई आत बसून उत्तर द्यायच्या, "चक्कीत नाई, दळणारीत हाय." पण रोज सकाळी जात्याचा दुसरा हात त्याच धरायच्या. चार महिन्यांत बांगड्या पुन्हा मनगटाशी आल्या.

आता पोरीकडे येते. जैनथकडचंच एक शेतकरी घर होतं, मुलगा शाळेत मास्तर. पोरीनं त्याला पाहिलं आणि खाली मान घालून बसली, ती इतका वेळ की मला कळलं, हिला पसंत आहे. मुलाच्या आईनं रीतीप्रमाणे विचारलं, "घराण्यात कोड? दमा? फिट?" मी तिन्ही वेळा छातीवर हात ठेवून नाही म्हणाले, आणि तिन्ही वेळा खरं बोलले. पोटाचं कोणी विचारलं नाही. न विचारलेलं सांगायचं कशाला, असं मी ह्यांना म्हणाले. हे पंख्याचं बटण दाबायला उठले. वीज नव्हती.

पोरगी बारीक होती, फिकी होती. वयच तसं, मी म्हणायची. पण मी अगदीच निर्दय नव्हते, मी धूर्त होते. तपासणी न करता औषध सुरू केलं. एके दिवशी पोरीला सांगितलं, "लग्नाच्या पोरीनं ज्वारीच खावी. रंग उजळतो." पोरीनं माझ्याकडे पाहिलं. माझा रंग तव्यासारखा, मी लहानपणापासून ज्वारीवर वाढलेली. तरी ती माझ्याबरोबर जात्यावरच्या पिठाची भाकरी खायला लागली आणि वर्षाच्या आत गालावर मांस आलं. मला वाटलं, जिंकले. ना नागपूर, ना बोभाटा, पोरगी ठणठणीत.

साखरपुडा झाला. लग्न वैशाखात ठरलं. दिवाळीनंतर मी माझ्या तपासणीला गेले तर डॉक्टरनं आधी विचारलं, "मुलगी कुठे आहे?"

"ती अगदी बरी आहे. मी तिचा गहूच बंद केला आहे," मी कौतुकाची वाट बघत सांगितलं.

त्यानं पेन खाली ठेवलं. "कोणी सांगितलं बंद करायला?"

"मीच ठरवलं."

"काकू, गहू पोटात असल्याशिवाय ही तपासणी काही दाखवत नाही. तुम्ही आजारही झाकला आणि पुरावाही पुसला." मग हळू आवाजात म्हणाला, "लग्न कधी आहे?" मी सांगितलं. "तिथे ती काय खाईल?" मी पिशवीचे बंद आवळले. "तुमचं कधी सुरू झालं होतं? दुसऱ्या बाळंतपणानंतर ना? आधी कळलं असतं तर तुमची बारा वर्षं गेली नसती. हिची घालवायची आहेत का?"

मी विचारलं, "आता काय करायचं?"

उपाय एकच होता. दोन महिने पोरीला रोज पोळी खाऊ घालायची, मग रक्त काढायचं. घरी येऊन मी पोरीला काय सांगितलं असेल? खरं? छे. मी म्हणाले, "आता लग्न जवळ आलं, पोळी खा. अंग भरतं." वर्षापूर्वी ज्वारी, आता गहू. असा वैद्य जगात कुठे नसेल. पोरीनं पुन्हा तसंच पाहिलं आणि पाट ओढून बसली.

तिला रोज मी स्वतः पोळ्या करून वाढल्या. कणकेला हात लावायचा, मग हात तीनदा धुवून माझी भाकरी थापायची. पहिला आठवडा काही झालं नाही आणि मी रोज देवापुढे साखर ठेवली. तिसऱ्या आठवड्यात ती पानावरून मधेच उठून गेली. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." पाचव्या आठवड्यात गाल बसले. तरी मी पोळी वाढत होते, आणि वाढताना तिच्या तोंडाकडे बघत नव्हते.

नेमक्या त्याच आठवड्यात मुलाची आई बस्त्याच्या कपड्यांचं ठरवायला आमच्याकडे आली. पोरीनं पाणी आणलं. त्या बाईनं तांब्या घेण्याऐवजी पोरीचा हातच धरला. "हे काय? साखरपुड्याले कशी भरली होती पोरगी! काऊन सुकून राह्यली?"

मी वय, ऊन, अभ्यास अशी तीन कारणं जुळवायला तोंड उघडलं. पण आतून सासूबाईंचा आवाज आला, "सांग आता. का मी सांगू?"

मग मी सांगितलं. आत्यापासून सुरुवात केली. ठसा, गहू, बाळंतपण, मुंबईला जाणारं रक्त, सगळं. पोरगी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. शेवटी म्हणाले, "पोरीची तपासणी अजून व्हायची आहे. पण तुम्हाला मोडायचं असेल तर आत्ताच मोडा, पत्रिका छापायच्या आत."

ती बाई पायाच्या बोटातली जोडवी फिरवत बसली. मग म्हणाली, "इहीनबाई, खरं सांगू का? आमी भाकरीची माणसं. आमच्या घरी गहू सणालेच दिसते. चक्कीवाल्याची पोरगी, रोज पोळी मांगन, कुटून आणावं, म्हणून मीच भेऊन राह्यली होती. पोरालेही बोलली होती, सोयरीक परवडते का पाय म्हणून."  मग तिचा आवाज कडक झाला. "पण मी विचारलं तवा तुमी मले नाई सांगितलं. हे मी इसरनार नाई." आणि विसरली नाही. पुढे पंचवीस वर्षं, कुठल्याही कार्यात मी काहीही म्हणाले की ती बाजूच्या बाईला म्हणायची, "इहीन अर्धंच सांगते बरं का."

दोन महिने पुरे होताच पोरीला नागपूरला नेलं. नळी घालताना तिनं माझा हात धरला नाही, नर्सचा धरला. महिन्यानं रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघी गेलो. माझ्यासारखंच होतं. डॉक्टर म्हणाला, लवकर सापडलं, आतडं भरून येईल, मुलंबाळं होतील, फक्त त्यांचं रक्त वेळच्या वेळी बघा, माझ्यासारखं करू नका. "माझ्यासारखं" हा शब्द त्यानं उच्चारला नाही. तो मी ऐकला.

परतीच्या बसमध्ये पोरगी खिडकीशी बसली. हिंगणघाट गेलं, वडनेर गेलं, ती बाहेरच बघत होती. मला वाटलं आता रडेल, म्हणून मी पदर तयार ठेवला. पांढरकवड्याला बस थांबली तेव्हा तिनं शेंगदाणे घेतले, अर्धे माझ्या ओंजळीत ओतले आणि म्हणाली, "आणखी काय लपवलं आहेस, ते आत्ताच सांग."

"काही नाही," मी म्हणाले. "एवढंच, की ज्वारीनं रंग उजळत नाही."

"ते तुझ्याकडे बघून कोणालाही कळेल."

"मग वर्षभर मुकाट्यानं भाकरी का खाल्लीस?"

ती शेंगदाण्याचं साल फुंकत राहिली. मग म्हणाली, "पोट दुखायचं थांबलं होतं. दोन वर्षं दुखत होतं माझं. तुला सांगितलं असतं तर तू नागपूरला नेलं असतंस, आणि सोयरीक मोडली असती. म्हणून मीही काही बोलले नाही."

बस सुटली. डॉक्टरनं ठशाचं सांगितलं होतं, तो आईकडून येतो म्हणून. बाकी काय काय आईकडून येतं, ते त्यानं सांगितलं नव्हतं. मी तिच्या ओंजळीतला एक दाणा उचलला तर तिनं हातावर चापट मारली आणि म्हणाली, "तुझे तुला दिलेत ना?"